नवा बेल्टही जळतोय, म्हणजे दोष बेल्टचा नाही

वाचकाचं पत्र:
माझी डिझेल पिकअप सात वर्षांची आहे, मालवाहतुकीला वापरतो. महिनाभरापासून रबर जळल्यासारखा वास येतोय. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून दोन-चार सेकंद किंचाळल्यासारखा आवाज येतो. मेस्त्रींनी बेल्ट बदलला. आठवडाभर वास गेला, मग पुन्हा आला. आता ते म्हणतात क्लच प्लेट जळाली असेल, गिअरबॉक्स उतरवून बघू. दुसरा एक ड्रायव्हर म्हणतो, ब्रेक धरत असतील. एसी लावून चढ चढलो आणि वर जाऊन थांबलो की वास सगळ्यात जास्त येतो. सोमवारी भरलेली गाडी घेऊन लांबच्या फेरीला जायचं आहे. जाऊ का? आणि आधी काय बदलू?
– एक पिकअपमालक

नमस्कार,

सोमवारचं आधी सांगतो. आज आहे त्या अवस्थेत गाडी भरून जाऊ नका. का ते पुढे येईलच. आणि आधी काय बदलायचं, तर काहीच नाही. एक बेल्ट घालून झालाय, आता क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायची गोष्ट निघाली आहे, उद्या कुणी ब्रेकचे लायनर टाका म्हणेल. अंदाजावर पार्ट टाकत गेलात तर खर्च होत राहील आणि वास तिथेच राहील. तुमच्या पत्रात बराचसा उलगडा आधीच आहे, तो नीट वाचूया.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे तो नवा बेल्ट, इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि एसी फिरवणारा पट्टा. आजकालचे चांगले बेल्ट लाख किलोमीटरच्या आसपास सहज टिकतात. तुमचा आठवड्यात जळायला लागला. याचा अर्थ बेल्टला कुणीतरी खातंय. दुसरी गोष्ट सकाळची किंचाळी. रात्रभर उभी राहिलेली गाडी स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट ओढून घेते आणि इंजिन चालू झाल्या झाल्या अल्टरनेटर ती भर काढायला लागतो. त्या क्षणी अल्टरनेटरची पुली फिरायला सगळ्यात जड असते. बेल्टची पकड कमी असेल तर तो तिथे घसरतो आणि ओरडतो. थोडी भर निघाली की भार उतरतो, आवाज बंद. एसी लावल्यावर वास वाढतो त्याचं कारणही हेच, कॉम्प्रेसरचा बोजा त्याच बेल्टवर पडतो. तिन्ही गोष्टी इंजिनच्या पुढच्या तोंडाकडे बोट दाखवतात.

तरी 'चढ चढून थांबलो की' हे शब्द मला सोडता येत नाहीत, कारण चढावर क्लचही तापतो आणि ब्रेक धरत असेल, म्हणजे पाय काढल्यावरही पूर्ण सुटत नसेल, तर चाकही. म्हणून त्या दोघांना आधी बाजूला काढू. त्याला पाना लागत नाही.

वासाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, नाक फार लवकर थकतं. त्याच वासात पाच-दहा मिनिटं बसलात की तो येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वास गेला. त्यामुळे तपासणी करताना गाडीत न बसलेल्या माणसाला हुंगायला सांगा. दोन, केबिनमध्ये बाहेरची हवा शिरते ती पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेलाच. गाडी उभी राहिली की इंजिनच्या खोलीतला वास सरळ तुमच्या नाकाशी येतो. पण चाकांचा आणि खालचा वासही चालत्या गाडीत मागे पडतो आणि थांबल्यावर गाठतो. म्हणून 'केबिनमध्ये आला' एवढ्यावरून काही ठरत नाही. खाली उतरायचं आणि गाडीभोवती एक फेरी मारायची. बॉनेटपाशी, प्रत्येक चाकापाशी, मधोमध गिअरबॉक्सच्या खाली. जिथे सगळ्यात उग्र, तिथून सुरुवात.

वासाचा पोतही सांगतो. रबराच्या जळण्यात गंधकाचा झोंबरेपणा असतो, कारण रबर टिकाऊ करायला त्यात गंधकच घालतात. चार्ल्स गुडइयरने 1844 मध्ये पेटंट घेतलं ते त्याच प्रक्रियेचं. क्लच आणि ब्रेक यांचा वास एकमेकांसारखा असतो, कारण दोघांच्या घर्षणपट्टीत रेझिन असतं: पुठ्ठा किंवा कागदाचा गठ्ठा धुमसल्यासारखा, घशाला लागणारा. बहुतेक लोक त्यालाही 'रबर जळतंय' म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा भाग) इंजिनच्या वरच्या झाकणाच्या टॅपेट पॅकिंगमधून ऑइल ठिबकत असेल तर धूर निळसर आणि वास तेलकट. कूलंटचा वास गोडसर. आणि प्लास्टिक जळाल्यासारखा किंवा मासळीसारखा वास आला, तर ते वायरिंग. तिथे तपासणी वगैरे काही नाही. गाडी बाजूला घ्या, बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लावू नका. बॉनेटच्या फटीतून ज्वाळा किंवा दाट धूर दिसला तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. फटीतूनच अग्निशामक मारा आणि मागे व्हा.

आता चाकं. रिकाम्या रस्त्यावर पंधरा मिनिटं गाडी चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी वेग आपोआप उतरू द्या आणि सपाटीवर थांबा. खाली उतरून चारही चाकांच्या मध्यभागी तळहाताची मागची बाजू दोन बोटं दूर धरा. हात लावू नका, धरणाऱ्या ब्रेकची डिस्क कातडी उतरवेल इतकी तापलेली असते. पुढची दोन चाकं एकमेकांशी ताडून बघा, मागची दोन एकमेकांशी. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं साहजिक आहे, पण डावं आणि उजवं यात ठळक फरक असायला नको. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर प्रश्नच मिटला. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर तिथे ब्रेक धरतोय. मग कारण कॅलिपरची (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) पिन सुकलेली असेल, पिस्टन अडकलेला असेल, मागे हँडब्रेकची केबल गंजून पूर्ण सुटत नसेल, किंवा ब्रेकचा रबरी होज आतून फुगला असेल. या होजची खोड वाईट. बाहेरून धडधाकट दिसतो, पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जाऊ देतो आणि पाय काढल्यावर परत येऊ देत नाही. तो ओळखायची युक्ती अशी: चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून हाताने फिरवा. जाम असेल तर त्या चाकाची ब्लीडिंगची निप्पल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब वर अडकला होता आणि सगळ्यात आधी संशय होजवर. तरीही जाम राहिलं, तर दोष चाकापाशीच: कॅलिपरमध्ये, किंवा मागचं चाक असेल तर हँडब्रेकच्या केबलमध्येही. नंतर निप्पल घट्ट करून ब्रेकमधली हवा काढायला विसरू नका.

ब्रेक धरत असेल तर त्या वासाबरोबर गाडी चालवणं फार धोक्याचं आहे. डॉट 3 ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांना उकळतं, डॉट 4 किमान 230 ला. पण ते हवेतली ओल शोषत राहतं. ओल मुरलेल्या ऑइलसाठी हेच मानक 140 आणि 155 अंशांवर येतं. भरलेल्या गाडीच्या उतारावर तेवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, आणि पेडल थेट खाली जातं.

डावं-उजवं चाक सारखंच कोमट असेल, पुढेही आणि मागेही, तर ब्रेकवरचा संशय मिटला.

क्लचची चाचणी आणखी सोपी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, आरपीएम कमी असताना एकदम पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. सुई वर उडाली आणि गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच स्लिप होतोय. सुई आणि वेग हातात हात घालून वर गेले, तर प्लेट शाबूत आहे आणि गिअरबॉक्स उतरवायची आज काही गरज नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची किंवा क्लचच्या पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर ती मात्र आजच सोडा. एखाद्या वेळी भरलेली गाडी चढावर रिव्हर्स घेताना क्लचचा वास येतो आणि थोड्या वेळाने जातो, तेवढ्याने प्लेट संपत नाही.

टायरही एकदा बघून घ्या, मालाच्या गाडीत हे नेहमी राहून जातं. पाटे बसले असतील तर भरलेल्या गाडीचा टायर वर मडगार्डला किंवा आतल्या बाजूला घासतो, आणि रिकामी गाडी गॅरेजमध्ये नेली की काहीच सापडत नाही. टायरच्या खांद्यावर किंवा मडगार्डच्या आत घासून गुळगुळीत झालेला चकचकीत पट्टा दिसतो का बघा. संशय असेल तर मडगार्डच्या आत खडूने जाड रेघा ओढा, भरलेली गाडी वापरून आलात की रेघा पुसल्या आहेत का ते पाहा. सायलेन्सरच्या पाइपला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी किंवा त्यावर लोंबणारा मडफ्लॅपही कित्येक दिवस वास देत राहतो. तेवढ्यासाठी एकदा गाडीखाली डोकावा.

आता मुख्य जागा. इंजिन बंद आणि गार. किल्ली खिशात. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही चालू होतो, हात त्यापासून दूर ठेवा. बेल्ट कुठून कसा गेलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात, पान्याने मागे ओढून बेल्ट उतरवा.

बेल्ट उलटा करून दात उजेडात धरा. चांगल्या बेल्टचे दात काळेभोर आणि मंद असतात. घसरलेल्या बेल्टचे दात पॉलिश केल्यासारखे चमकतात, नखाने दाबलं तर कडक लागतात. पुल्यांच्या मागे आणि आसपास काळी भुकटी साचलेली असेल. भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हा हिशोब जुना झाला. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेगाळण्याआधी टायरसारखे झिजतात. पुढे बेल्टच्या कडेला बोट फिरवा. एकच कड कुरतडल्यासारखी असेल तर कुठलीतरी पुली तिरकी बसली आहे. बोटाला तेल किंवा कूलंट लागलं तर गळती वरून बेल्टवर येतेय, आणि ती थांबवून सगळ्या पुल्या धुतल्याशिवाय दहावा नवा बेल्टही घसरेल.

मग एकेक पुली हाताने फिरवा. या पाच मिनिटांतच बहुतेक वेळा गुन्हेगार सापडतो. आयडलर (बेल्टला फक्त वाट दाखवणारी पुली) आणि टेन्शनरच्या पुलीत आत ग्रीस भरलेलं बेअरिंग असतं. निरोगी पुली बोटाने ढकलली की मुक्याने फिरते आणि एखाद-दोन फेऱ्यांत थांबते, कारण ग्रीस तिला हलकेच धरून असतं. जी पुली भिंगरीसारखी गरगरत राहते आणि कोरडी सर्रसर्र करते तिचं ग्रीस संपलंय. माणसाला वाटतं ही छान मोकळी आहे, तेव्हा फसू नका. जी अडखळते, बोटाला खडे लागल्यासारखं जाणवतं, ती जाम होण्याच्या वाटेवर आहे. प्रत्येक पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवूनही बघा, खेळ असायला नको.

माझ्या स्वतःच्या गाडीला एका वर्षात तीन बेल्ट लागले होते. प्रत्येक वेळी बेल्ट निकृष्ट निघाला असंच मी धरून चाललो. तिसऱ्या वेळी बेल्ट उतरवून पुल्या चाचपल्या तर एसी कॉम्प्रेसरची पुली थंड असताना फिरत होती. इंजिन तापवून, बेल्ट पुन्हा काढून पाहिलं तेव्हा तीच पुली दोन्ही अंगठ्यांनीही हलेना. बेअरिंग तापल्यावर फुगून धरत होतं. म्हणून गार इंजिनवर काही सापडलं नाही तर गाडी अर्धा तास चालवून लगेच, जाड हातमोजे घालून, हीच तपासणी पुन्हा करा. तुमचा वास तासाभराच्या रस्त्यानंतर येत असेल तर गार तपासणीने समाधान मानू नका.

एसीच्या पुलीबद्दल आणखी एक. एसी बंद असला तरी ती पुली इंजिनबरोबर फिरतच असते. एसी लावल्यावर फक्त तिच्या तोंडावरची क्लचची चकती चिकटून कॉम्प्रेसर फिरवायला लागते. त्यामुळे एसी बंद ठेवून वास पूर्ण गेला तर संशय कॉम्प्रेसरवर, त्याच्या क्लचवर किंवा बेल्टच्या कमी ताणावर, आणि एसी बंद ठेवूनही वास येत राहिला तर पुलीचं बेअरिंग अजून संशयातून सुटलेलं नाही.

बऱ्याच डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरला एकदिशा पुली असते. ती एका बाजूला मोकळी फिरायला हवी आणि दुसऱ्या बाजूला धरायला हवी. दोन्हीकडे धरत असेल तर इंजिनचा प्रत्येक हिसका बेल्टवर जातो, टेन्शनरचा हात थरथरतो आणि बेल्ट मारला जातो. दोन्हीकडे मोकळी असेल तर चार्जिंगच होणार नाही.

क्रँकच्या पुलीकडे, म्हणजे इंजिनवरून बेल्टला फिरवणाऱ्या पुलीकडे, कुणाचं लक्ष जात नाही. ती एकसंध दिसते, पण आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये बहुधा रबराचा थर असतो. तो थर सुटला की कडं स्वतःच घसरतं, आणि जळतं ते बेल्टचं रबर नसतं, पुलीचं असतं. बाहेरच्या कड्यापासून आतल्या भागापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा आणि दिवसभर गाडी वापरा. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली तर पुली बदलायची.

टेन्शनर मी शेवटी ठेवलाय, पण तुमच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर आणि एसीच्या पुलीवर आहे. सात वर्षांत त्याची स्प्रिंग ढिली होते. नुसता बेल्ट बदलला तर नव्या कोऱ्या रबराची पकड आठवडाभर झाकून नेते, मग दात चकाकले की घसरण परत सुरू. तुमच्या पत्रातला तो आठवडा मला तसाच दिसतो. पारखायचं असं: बेल्ट चढवून इंजिन आयडलवर ठेवा, हात आणि कपडे दूर ठेवा आणि टेन्शनरचा हात नुसता बघा. तो जवळजवळ स्थिर हवा. भिरभिरत असेल तर गेला. आवाज येत असतानाच बेल्टच्या दातांच्या बाजूला दुरून पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी आहे. तुमच्या गाडीत आपोआप चालणारा टेन्शनर नसून अल्टरनेटर सरकवून ताण द्यायची सोय असेल, तर इंजिन बंद करून बेल्टच्या सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. साधारण एक सेंटिमीटर दबतो का हा जुना अदमास आहे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतला धरा. आवाज बंद करणारा बेल्टचा स्प्रे मात्र मारू नका. त्याने ओरडणं थांबतं, घसरणं चालूच राहतं.

आता सोमवारबद्दल इतका ठाम का आहे ते. जाम होऊ घातलेली पुली थांबली की बेल्ट तिच्यावर घासत काही वेळात जळून तुटतो. बऱ्याच गाड्यांत त्याबरोबर पाण्याचा पंप थांबतो, चार्जिंग थांबतं, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर स्टिअरिंग जड होतं. आणि डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा भाग) लागणारी हवेची पोकळी निर्माण करायला वेगळा पंप असतो, तो कित्येक गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. तुमच्याही गाडीत तसाच असेल, तर उतारावर बेल्ट तुटल्यावर एक-दोनदा ब्रेक लागेल आणि मग पेडल दगडासारखं कडक होईल. भरलेल्या पिकअपमध्ये ही वेळ तुमच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मेस्त्रींना वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका. 'गिअरबॉक्स उतरवायच्या आधी बेल्ट काढून पुल्या फिरवून बघूया' एवढंच म्हणा, जाणता माणूस लगेच तयार होईल. दोष सापडला की तो पार्ट आणि चकाकलेला बेल्ट एकदमच बदला, चकाकलेला बेल्ट नव्या टेन्शनरवरही घसरेल. मग रिकामी गाडी एसी लावून अर्धा तास चालवा, त्याच चढावर न्या, वर थांबा आणि गाडीत न बसलेल्या कुणाला तरी बॉनेटपाशी हुंगायला सांगा. त्यालाही काही वास आला नाही तर माल भरा. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर एकदा बेल्टचे दात उजेडात बघा. ते मंद काळेच दिसायला हवेत. चमकायला लागले असतील तर मला पुन्हा लिहा, आणि लिहिताना कुठली पुली कशी फिरली, गार असताना आणि तापल्यावर, ते एकेक करून कळवा.